इरोक्वॉय राष्ट्रीय संघ (बॉक्स लॅक्रॉस)

उत्तर अमेरिकेतील मोहॉक, ओनाइडा, ऑनन्डागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा आदिवासी राष्ट्रांच्या महासंघाचा संघ. या राष्ट्रांची वस्ती अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांत आहे. संघ मात्र दोन्हींपासून वेगळा, स्वतःच्या ध्वजाखाली खेळतो. लॅक्रॉस, म्हणजे टोकाला जाळी असलेल्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करण्याचा खेळ, हा मुळात त्यांचाच. देवाने दिलेला आणि रोग बरे करणारा, अशी त्याबद्दलची श्रद्धा आजही जिवंत आहे. तरीही 1880 च्या सुमारास त्यांच्या खेळाडूंना ‘व्यावसायिक’, म्हणजे पैसे घेऊन खेळणारे, ठरवून आंतरराष्ट्रीय सामन्यांतून बाहेर काढण्यात आले. हा अन्याय शंभर वर्षे टिकला. 1983 मध्ये ऑनन्डागा धर्मगुरू ओरेन लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राष्ट्रीय संघ उभारला, आणि 1990 मध्ये पर्थ येथील मैदानी विश्वस्पर्धेत तो उतरला.

बॉक्स लॅक्रॉस हा या खेळाचा बंदिस्त प्रकार. उन्हाळ्यात रिकाम्या पडणाऱ्या आईस हॉकीच्या रिंकमध्ये तो 1930 च्या दशकात कॅनडात रुजला. एका बाजूला गोलरक्षकासह सहा खेळाडू, चौफेर फळ्यांची भिंत आणि जेमतेम चार फूट उंचीचा गोल. जागा अपुरी असल्याने धक्काबुक्की अटळ, आणि चेंडू झेलायला व द्यायला क्षणाचीही उसंत नसते. इरोक्वॉय वस्त्यांत मुले हाच प्रकार खेळत मोठी होतात, त्यामुळे संघाची खरी ताकद इथेच दिसते.

पहिली बॉक्स विश्वस्पर्धा 2003 मध्ये ऑन्टॅरिओत झाली. अंतिम सामन्यात कॅनडाने इरोक्वॉयना 21–4 असे धुऊन काढले. चारच वर्षांनी हॅलिफॅक्समध्ये हीच लढत जादा वेळेत गेली आणि कॅनडा 15–14 असा निसटता जिंकला. संघाच्या इतिहासात सुवर्ण इतके जवळ आलेला सामना दुसरा नाही. 2011 मध्ये प्रागला 13–6 असा पुन्हा पराभव झाला.

2015 ची स्पर्धा पदकांपलीकडची ठरली. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूजजवळच्या ऑनन्डागा राष्ट्राच्या भूमीवर इरोक्वॉयनी तिचे यजमानपद भूषवले, आणि आलेल्या संघांच्या पारपत्रांवर ऑनन्डागा राष्ट्राचा शिक्का उमटला. पाचच वर्षांपूर्वी, 2010 मध्ये, इरोक्वॉय पारपत्रे ब्रिटनने मान्य न केल्याने याच राष्ट्रांच्या मैदानी संघाला मँचेस्टरच्या विश्वस्पर्धेला मुकावे लागले होते. त्या अपमानाला याहून नेमके उत्तर देता आले नसते. अंतिम सामना कॅनडाने 12–8 असा जिंकला.

2019 मध्ये ब्रिटिश कोलंबियातील लँगली येथे निकाल 19–12 असा लागला. 2019 पर्यंत पाच स्पर्धा, पाच रौप्यपदके आणि प्रत्येक वेळी अंतिम फेरीत समोर कॅनडाच. या पाचही खेपांना अमेरिकेचा बलाढ्य संघ इरोक्वॉयंच्या मागे, तिसऱ्या स्थानी राहिला. 2022 पासून संघ ‘हॉडेनोशोनी नॅशनल्स’ या नावाने खेळतो; हॉडेनोशोनी हे या महासंघाचे स्वतःचे नाव.