पाइक माशाच्या अधिवासयोग्यतेचे मूल्यमापन

एखादा जलाशय किंवा नदीचा पट्टा विशिष्ट जातीच्या माशाला जगण्यास, वाढण्यास आणि प्रजननास कितपत अनुकूल आहे, हे मोजमापांवरून ठरविण्याच्या पद्धतीला अधिवासयोग्यतेचे मूल्यमापन म्हणतात. गोड्या पाण्यातील भक्षक माशांपैकी नॉर्दर्न पाइक (ईसॉक्स ल्युशियस) हे तिचे बोलके उदाहरण आहे. उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण व थंड प्रदेशांत आढळणारा हा मासा पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि टप्प्यात आलेल्या भक्ष्यावर एकाएकी झडप घालतो. त्यामुळे भक्ष्य मुबलक असले तरी आडोसा नसेल, तर ते पाणी त्याच्या फारसे उपयोगाचे नसते. उलट वनस्पतींची दाटी झाली, तर त्याला शिकार दिसत नाही आणि झेप घ्यायला जागाही उरत नाही. म्हणून मध्यम आच्छादन सर्वांत अनुकूल मानतात.

अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेने 1980 च्या दशकाच्या आरंभी अनेक प्राण्यांसाठी योग्यता-निर्देशांकाची प्रारूपे तयार केली. पाइकचे प्रारूप 1982 मधील आहे. त्यात वनस्पतींचे आच्छादन, उन्हाळ्यातील पृष्ठजलाचे तापमान, पाण्याचा सामू, विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, नदीचा उतार, संथ पाण्याचे क्षेत्र अशा घटकांना प्रत्येकी 0 ते 1 यांदरम्यान मूल्य दिले जाते. अंतिम निर्देशांक मात्र सरासरीने काढला जात नाही; सर्वांत कमी मूल्याचा घटकच तो ठरवितो. समजा, सहापैकी पाच घटकांना 0.9 आणि एकाला 0.2 मूल्य मिळाले, तर साधी सरासरी 0.78 आणि गुणोत्तर मध्य (सहाही मूल्यांच्या गुणाकाराचे सहावे मूळ) 0.70 येतो, पण या नियमानुसार निर्देशांक 0.2 ठरतो. हा नियम कठोर वाटला, तरी पाइकच्या बाबतीत तो बहुधा रास्तच आहे. कारण अंडी घालायला जागा नसेल, तर बाकीची अनुकूलता ती उणीव भरून काढू शकत नाही.

ही दुबळी कडी बहुतेक वेळा वसंतातील उथळ पाण्यात सापडते. बर्फ वितळताच पाइक काठावरच्या, पुराने बुडालेल्या गवतात शिरतात. सुमारे अडीच ते तीन मिलिमीटर व्यासाची चिकट अंडी गवताच्या पात्यांना चिकटून राहतात आणि 10 अंश सेल्सिअसच्या आसपास साधारण बारा दिवसांत उबतात. बाहेर पडलेला डिंभ (नुकतेच जन्मलेले अपक्व पिलू) लगेच पोहत नाही. डोक्यावरील चिकट ग्रंथींच्या आधारे तो आणखी काही दिवस पात्यालाच लटकून असतो आणि पोटातील पीतकावर (अंड्यातील साठवलेल्या बलकावर) जगतो. या काळात पाणी ओसरले, तर अंडी व डिंभ कोरडे पडून मरतात. म्हणून अंडी व पिलांच्या काळात पाण्याची पातळी किती घटते, तसेच उन्हाळी वसतिक्षेत्राच्या तुलनेत प्रजननक्षेत्र किती आहे, या दोन गोष्टींना प्रारूपात स्वतंत्र स्थान आहे. धरणाखालच्या नदीत पाणी सोडण्याचे वेळापत्रक बदलले, की हेच आकडे आधी कोसळतात. उन्हाळ्यात घेतलेल्या एकाच पाहणीवरून काढलेला निर्देशांक त्यामुळे फसवा ठरतो. तोवर वसंतातली ती बुडालेली गवताळ पट्टी कोरडी जमीन झालेली असते. काठाच्या उंचसखलपणाचा नकाशा आणि जलपातळीच्या रोजच्या नोंदी एकत्र मांडल्याशिवाय तिचा अंदाज येत नाही.

निर्देशांकाला क्षेत्रफळाने गुणले की ‘अधिवास एकके’ मिळतात आणि प्रकल्पापूर्वीची व नंतरची स्थिती तुलनेला घेता येते. मात्र निर्देशांक म्हणजे माशांची संख्या नव्हे. मासेमारीचा ताण, रोग आणि स्वजातिभक्षण (मोठे पाइक लहान पाइकांना सर्रास खातात) यांचा हिशेब त्यात येत नाही. पडताळणीतही अडचण असते: जाळ्यात सापडणे माशाच्या हालचालीवर अवलंबून असते आणि दबा धरून बसणारा पाइक फारसा हलत नाही, त्यामुळे कमी सापडलेले मासे म्हणजे वाईट अधिवास, असा निष्कर्ष घाईचा ठरतो. एका प्रदेशातील योग्यता-वक्र (घटकाच्या मोजमापाला 0 ते 1 मूल्य देणारे आलेख) दुसरीकडे वापरण्यापूर्वी ते स्थानिक निरीक्षणांशी ताडून पाहावे लागतात.