सायकलच्या डायनामोत वीज घासण्यानं तयार होत नाही

‘डायनामो टायरला घासतो, त्या घर्षणातून वीज तयार होते,’ हे वर्षानुवर्षं सांगितलं जातं. तसं वाटणं साहजिक आहे. पावसात सांगलीहून हरिपूरला सायकलनं जाताना ओल्या टायरवर डायनामो घसरायचा आणि दिवा मिणमिणायचा. घासणं कमी झालं की वीज कमी, असाच अर्थ कुणीही काढेल.

पण टायरचं काम फक्त डायनामोचं डोकं फिरवण्याचं. त्या डोक्याखाली बाटलीसारख्या डब्यात एक चुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या तारेचं वेटोळं. चुंबक फिरला की तारेजवळचं चुंबकीय क्षेत्र सतत बदलतं आणि त्या बदलामुळे तारेत वीज निर्माण होते. मायकेल फॅरेडेनं हे 1831 मध्ये दाखवलं. कोयनेच्या जनित्रांमागचं तत्त्वही हेच. ओलं टायर घसरलं की चुंबक हळू फिरतो, म्हणून दिवा मंदावतो.

खात्री घरीच करता येते, आणि मुलांसोबत जरूर करा. जुना डायनामो सायकलवरून काढा, त्याला 6 व्होल्टचा बल्ब नीट जोडा. डोक्याला भोवऱ्यासारखी सुतळी गुंडाळून जोरात ओढा. टायर कुठेच नाही, तरी बल्ब लकाकतो. काही सायकलींत तर डायनामो पुढच्या चाकाच्या हबमध्येच बसवलेला असतो, तो टायरला शिवतही नाही.

डायनामो लावल्यावर पायडल जड लागतं, त्यात काही वाटा घर्षणाचा आहेच. बाकीच्या जोरातला काही भाग डायनामोतच उष्णता होऊन वाया जातो, आणि उरलेला दिव्यात जातो.