ओटो आणि ह्यूगो: दोन शब्दभ्रमकार, दोन बाहुले

जुन्या बोलपटांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतो, ‘तो शब्दभ्रमकाराचा सिनेमा पाहिलाय का? बोलका बाहुला शेवटी मालकाच्याच जिवावर उठतो तो?’ थोडे खोदून विचारले तर कळते की सांगणाऱ्याच्या डोक्यात दोन चित्रपटांची सरमिसळ झालेली आहे. पहिला 1929 सालचा अमेरिकन बोलपट ‘द ग्रेट गॅबो’. दुसरा ‘डेड ऑफ नाइट’ या 1945 सालच्या ब्रिटिश चित्रपटातला सुमारे पाव भागाचा एक प्रसंग. दोन्हींत शब्दभ्रमकार मनाने ढासळत जातो आणि दोन्हींत त्याचा बाहुला, पहिल्यात ओटो आणि दुसऱ्यात ह्यूगो, त्याच्यापेक्षा जास्त लक्षात राहतो. त्यापलीकडे साम्य फारसे नाही, आणि मालकाचा जीव तर दोन्हींपैकी एकाही चित्रपटात बाहुला घेत नाही.

या गोंधळाचा तोटा ‘गॅबो’लाच जास्त होतो. प्रेक्षक ह्यूगोची भीती मनात धरून ओटोकडे पाहायला बसतो आणि दीड तासाने चिडून उठतो. मराठी प्रेक्षकाची तर आणखी एक अडचण असते. आपल्याकडे शब्दभ्रम म्हटले की एका बाजूला पाध्ये पिता-पुत्रांचा खट्याळ अर्धवटराव आठवतो आणि दुसऱ्या बाजूला ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू. म्हणजे बाहुला एक तर हसवणार, नाही तर सुरा घेऊन मागे लागणार, अशी मनाची तयारी आधीच झालेली असते. ओटो यांपैकी काहीच करत नाही.

‘गॅबो’ची गोष्ट साधी आहे. न्यू जर्सीतल्या पॅटर्सन या गावी एका सामान्य रंगमंचावर शब्दभ्रमकार गॅबो आपला खेळ करतो. कलावंत म्हणून तो असामान्य आहे, माणूस म्हणून असह्य आहे. सोबत काम करणाऱ्या मेरीवर तो सतत डाफरतो, आणि प्रयोगात तिच्या हातून तबक पडते तेव्हा त्याचा संताप इतका वाढतो की ती अखेर त्याला सोडून जाते. जाण्याआधी ती त्याला जे सुनावते त्याचा मथितार्थ असा की तुझ्यात माणुसकीचे जे काही आहे ते या ओटोतच आहे. दोन वर्षांनी गॅबो ब्रॉडवेवरच्या एका भपकेबाज संगीत कार्यक्रमातला मोठा तारा झालेला असतो, आणि त्याच कार्यक्रमात मेरी फ्रँक नावाच्या गायक-नर्तकाबरोबर काम करत असते. ती आपल्याकडे परत येईल अशी गॅबोची खात्री पटत जाते. ती फ्रँकची बायको आहे हे त्याला फार उशिरा कळते.

आजच्या प्रेक्षकांच्या या बोलपटाविषयीच्या तक्रारी साधारण तीन असतात. पहिली, कॅमेरा खिळल्यासारखा उभा राहतो आणि संवाद रेंगाळतात. ती खरी आहे, आणि तिच्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. 1929 मध्ये कॅमेऱ्याचा आवाज मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून तो बंदिस्त खोक्यात ठेवावा लागे आणि नटांना मायक्रोफोनच्या आसपास घोटाळावे लागे. जेम्स क्रूझ हा मूकपटांतला नावाजलेला दिग्दर्शक, पण या बेडीतून त्याचीही सुटका नव्हती.

दुसरी तक्रार गाण्यांची. एका माणसाच्या मनाची घसरण रंगत आलेली असताना मध्येच पंधरा-वीस नर्तकींचा ताफा येतो आणि कथा वाऱ्यावर सोडून देतो, असे बहुतेकांना वाटते. मलाही पहिल्या वेळी तसेच वाटले होते. पण त्या काळचा प्रेक्षक तिकीट काढत होता ते प्रामुख्याने याच गाण्यांसाठी. त्याच वर्षी पडद्यावर आलेला ‘द ब्रॉडवे मेलडी’ हा नाचगाण्यांचा बोलपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर घेऊन गेला, यावरून लोकांची आवड कळते. शिवाय ‘गॅबो’तली काही नृत्ये मल्टिकलर या पद्धतीने रंगीत चित्रित केलेली होती. आज उपलब्ध असलेल्या प्रतींत ती कृष्णधवलच दिसतात आणि ‘गा गा बर्ड’ हे एक दृश्य तर सापडतच नाही. रंग उडालेली पैठणी पाहून ‘यात एवढे काय आहे’ असे विचारावे, तसा आपला निकाल होतो.

तरीही एका नृत्यासाठी मी या बोलपटाची बाजू घेईन. रंगमंचावर कोळ्याचे एक प्रचंड जाळे उभारलेले आहे, मेरी आणि फ्रँक कोळी आणि माशी यांच्या वेषात त्यावर नाचत आहेत, आणि समोर प्रेक्षागृह भरलेले असताना ती दोघे नाचता नाचता दबक्या आवाजात गॅबोवरून भांडत आहेत. तोंडावर हसू, ओठांत भांडण. ज्या चित्रपटाचा विषयच मुळी ओठ न हलवता बोलण्याचा आहे त्यात हे दृश्य योगायोगाने आले असेल असे मला वाटत नाही.

तिसरी तक्रार सगळ्यांत ठाम असते: ‘हे शक्यच नाही!’ गॅबोची ख्याती अशी की तो खातो, पितो, सिगारेट ओढतो आणि ओटो मात्र त्याच वेळी स्पष्ट आवाजात गातो. प्रत्यक्षात शब्दभ्रमकाराचा आवाज दुसरीकडून कुठूनही येत नाही, तो त्याच्या स्वतःच्याच कंठातून येतो. ओठ स्थिर ठेवायचे, जिभेने काम भागवायचे आणि बाहुल्याचा जबडा बरोबर त्या वेळी हलवायचा, एवढ्यावर सारा भ्रम उभा असतो, कारण ऐकणाऱ्याचा कान हलणाऱ्या तोंडाकडे ओढला जातो. आपल्या वर्णमालेतला प-वर्ग येथे वैरी ठरतो. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावे लागतात, म्हणून कसलेले कलावंत ‘ब’च्या जागी ‘द’सारखा आणि ‘म’च्या जागी ‘न’सारखा उच्चार करून वेळ मारून नेतात. आरशासमोर उभे राहून ओठ न हलवता ‘बाबा आंबा’ म्हणून पाहावे, म्हणजे अडचण कळेल. आता घोट गिळण्याचे पाहा. गिळताना स्वरयंत्र मिटते, श्वास क्षणभर थांबतो, आणि श्वासाशिवाय आवाज नाही. तेव्हा पेला ओठाला लावून घोट घेत असताना बाहुल्याने सलग गाणे हे केवळ अवघड नाही, ते शरीररचनेलाच मान्य नाही.

तक्रार बरोबर आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ‘गॅबो’ पडद्यावर आला तेव्हा पडद्यावरचे ओठ हलावेत आणि आवाज पडद्यामागच्या कर्ण्यातून यावा, हाच मुळी नवा शब्दभ्रम होता. जी करामत रंगमंचावर अशक्य ती बोलपटात सहज जमते, आणि हा चित्रपट ती अगदी लपवाछपवी न करता वापरतो. ओटोचा आवाज गॅबोच्या आवाजाशी जुळत नाही, हा दोष म्हणून दाखवला जातो. पण गॅबोच्या तोंडातून कधीच न येणारी नरमाई ओटोच्या तोंडून येते, आणि ती ऐकताना वेगळाच माणूस बोलतो आहे असे वाटणे कथेच्या पथ्यावरच पडते.

ज्याला आवाजाचे खरे कसब हवे असेल त्याने 1930 सालच्या ‘द अनहोली थ्री’ या बोलपटाकडे वळावे. त्यात लॉन चेनीने शब्दभ्रमकाराची भूमिका केली आणि चित्रपटातले पाच निरनिराळे आवाज आपलेच आहेत असे प्रतिज्ञापत्रही दिले. ‘सुरुवातीचा बोलपट आणि शब्दभ्रमकार’ एवढ्याच खुणेवरून कित्येकदा हाही ‘गॅबो’ म्हणून सांगितला जातो. पण चेनीचा नायक अट्टल ठकसेन आहे, त्याचे डोके पूर्ण ठिकाणावर आहे.

नावांचाही एक घोळ आहे. गॅबो हे माणसाचे नाव, बाहुल्याचे नाव ओटो. 1993 मध्ये ‘द सिम्प्सन्स’ या व्यंगचित्र मालिकेने एका भागात बाहुल्यालाच गॅबो हे नाव दिले, आणि तेव्हापासून मूळ बोलपट न पाहिलेले बरेच जण बाहुल्यालाच गॅबो समजतात.

आता ह्यूगो. ‘डेड ऑफ नाइट’ हा ईलिंग स्टुडिओचा चित्रपट, चार दिग्दर्शकांनी मिळून केलेला. त्यातला शब्दभ्रमकाराचा भाग अल्बर्टो काव्हाल्कांती यांचा आहे आणि मॅक्सवेल फ्रेअरची भूमिका मायकेल रेडग्रेव्ह यांनी केली आहे. पॅरिसमधल्या एका नाइटक्लबात फ्रेअरचा खेळ चालू असताना ह्यूगो प्रेक्षकांत बसलेल्या सिल्वेस्टर की या दुसऱ्या शब्दभ्रमकाराशी परस्पर सलगी करू लागतो: मला या मालकाचा कंटाळा आला आहे, मी तुझ्याकडे येतो. लोक हसतात. फ्रेअरच्या कपाळावर मात्र घाम येतो. पुढे एका हॉटेलात ह्यूगो सिल्वेस्टर कीच्या खोलीत सापडतो आणि फ्रेअर त्या सिल्वेस्टरवर गोळी झाडतो.

दोन्ही बाहुल्यांतला फरक ओळखण्याची माझी खूण अशी: बाहुला कोणाची बाजू घेतो ते पाहावे. ओटो गॅबोला टोचतो, त्याची चूक दाखवतो, मेरीशी गोड बोलतो, पण हे सारे गॅबोच्या भल्यासाठी. जे शब्द गॅबोला अभिमानापोटी उच्चारता येत नाहीत ते त्याने बाहुल्याकडे ठेवायला दिले आहेत. ह्यूगो फितूर आहे, त्याला घर बदलायचे आहे. म्हणून एका चित्रपटात बाहुल्याची कीव येते आणि दुसऱ्यात धडकी भरते. यातली आणखी एक गंमत म्हणजे ‘गॅबो’ ज्या कथेवरून घेतला, त्या अमेरिकन लेखक बेन हेक्टच्या कथेचे नावच ‘प्रतिस्पर्धी बाहुला’ अशा अर्थाचे होते. हे नाव ओटोपेक्षा ह्यूगोला जास्त शोभले असते.

हेक्टच्या या कथेचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. गॅबोची भूमिका एरिक फॉन स्ट्रोहाइमने केली आहे. व्हिएन्नातल्या टोप्या बनवणाऱ्या एका ज्यू कारागिराचा हा मुलगा अमेरिकेत येऊन स्वतःच्या नावात सरदारी ‘फॉन’ लावून बसला, थोर दिग्दर्शक झाला, आणि 1929 च्या आरंभी ‘क्वीन केली’चे चित्रीकरण थांबवले गेल्यावर त्याचे दिग्दर्शन जवळपास संपलेच. छातीवर पदके मिरवत, बाहुल्याला सोबत घेऊन उपाहारगृहात शिरणारा गॅबो पाहताना बऱ्याच प्रेक्षकांना स्ट्रोहाइमचेच आत्मचरित्र दिसते. कथा त्या घटनेच्या आधीच, 1928 मध्ये, छापून आली होती. तेव्हा ती त्याच्यावर बेतलेली नाही. त्याने भूमिकेत स्वतःचे काय ओतले, हा प्रश्न मात्र उरतो, आणि त्याचे ते जड, थांबत थांबत बोलणे काहींना रटाळ तर काहींना भारून टाकणारे वाटते. मी दुसऱ्या गटातला.

दोन्ही चित्रपटांत मालक बाहुल्यावर हात टाकतो, आणि ही दोन दृश्ये एकापाठोपाठ एक पाहिली तर सरमिसळ पुन्हा होणार नाही. मेरीचे लग्न झाल्याचे कळल्यावर गॅबो ओटोच्या तोंडावर ठोसा मारतो आणि पुढच्याच क्षणी त्याला जवळ घेऊन माफी मागतो, रडतो. लाकडाला कसले लागणार, हा विचार त्याला शिवतही नाही. नंतर तो चालू प्रयोगात घुसून आरडाओरडा करतो, नोकरी गमावतो, आणि ओटोला घेऊन बाहेर पडतो तेव्हा नाट्यगृहाच्या दर्शनी फलकावरून त्याच्या नावाची अक्षरे उतरवण्याचे काम चालू असते. फ्रेअर तुरुंगाच्या कोठडीत ह्यूगोच्या तोंडावर उशी दाबतो, मग टाचेखाली त्याचे डोके चिरडतो, आणि बाहुला संपतो. पुढे इस्पितळात गोळीतून बचावलेला सिल्वेस्टर की फ्रेअरला भेटायला येतो. अंथरुणावरचा फ्रेअर त्याच्याकडे पाहतो, त्याचे ओठ लाकडी जबड्यासारखे ताठ हलू लागतात, आणि त्यांतून ह्यूगो बोलतो.