फुल ट्रकलोड म्हणजे ट्रक खच्चून भरलेलाच असतो का?

"फुल ट्रकलोडचं भाडं घेतलं आणि आत जागा रिकामी, म्हणजे फसवलं" असा मेसेज बऱ्याच वर्षांपासून फिरतोय. शंका रास्त आहे, पण तसं नसतं.

फुल ट्रकलोड म्हणजे अख्खी गाडी एकाच पार्टीच्या मालासाठी बुक, भरली किती हा प्रश्नच वेगळा. मध्य अमेरिकेतल्या होंडुरास देशाचं पुएर्तो कोर्तेस बंदर घ्या, तिथून सान पेद्रो सुला शहराच्या कारखान्यांकडे कंटेनर ट्रेलरवरून जातात, त्यात फरशी असेल तर वजनाची मर्यादा आधी गाठली जाते आणि वर निम्म्याहून जास्त जागा मोकळी राहते. उलट तिथले तयार कपडे बंदराकडे येतात तेव्हा कंटेनर छतापर्यंत भरतो पण वजन कमीच.

तपासायचं कसं, तर कंटेनरच्या दारावर रिकाम्याचं वजन, किती माल चालेल आणि घनफळ छापलेलं असतं (40 फुटीत साधारण 67 घनमीटर), ते बिल्टीवरच्या (माल पाठवल्याच्या ट्रान्सपोर्टच्या पावतीवरच्या) वजनाशी ताडून बघा. मग सील नंबर बघा, लोडिंगला लावलेलं सील उतरवताना तेच आणि शाबूत असेल तर वाटेत दार उघडून दुसऱ्याचा माल घातलेला नाही. रिकामी जागा दिसली म्हणून ड्रायव्हरशी भांडू नका प्लीज, लोडिंग त्याच्या हातात नसतं.