रॉकेट प्रक्षेपक ट्रक

रॉकेटे वाहून नेणारा आणि स्वतःवरूनच डागणारा बहुचाकी लष्करी ट्रक. भारतीय तोफखान्यात चार एक्सलांचा, आठही चाकांना इंजिनाची गती मिळणारा (८×८) प्रकार विशेष आढळतो. सोलापुरातून जाणाऱ्या पुणे-हैदराबाद महामार्गावर याहून जास्त चाकांचे ट्रेलर दिसतात. पण त्यांची मागची चाके केवळ भार वाहतात, ओढत नाहीत.

चाकांवरून रॉकेट डागण्याचा आरंभ विवाद्य आहे. हैदर व टिपू यांच्या फौजेत लोखंडी नळीचे बाण (म्हणजे रॉकेटे) होते आणि पोल्लिलूरच्या लढाईत (१७८०) ते वापरले गेले. अनेक बाण एकदम सोडणारे गाडेही म्हैसूरकडे होते, असे काही अभ्यासक मानतात. तथापि बांबूला बांधलेला बाण हाताने सोडणारे बाणदार हेच चित्र अधिक ग्राह्य वाटते. मराठ्यांचे बाणही याच जातीचे. आजच्या वाहनाचा पूर्वज म्हणून सोव्हिएत बीएम-१३ हा ट्रकवरील प्रक्षेपक (१३२ मिमी व्यासाची १६ रॉकेटे) धरणे सयुक्तिक होय. त्याचा पहिला मारा १४ जुलै १९४१ रोजी ओर्शा येथे झाला. तत्कालीन जर्मन प्रक्षेपक बहुधा वाहनामागे जोडून ओढले जात.

भारतातील पिनाक हा रॉकेट प्रक्षेपक टाट्रा या चेक कंपनीच्या चासीवर (ट्रकच्या सांगाड्यावर) आहे. नेहमीच्या ट्रकची शिडीवजा चौकट खाचखळग्यांत पिळवटते. टाट्रात तिच्याऐवजी मध्यातून जाड पोलादी नळी जाते, गती देणारा दांडा तिच्या आतून फिरतो आणि दोन्ही बाजूंचे अर्धे एक्सल स्वतंत्रपणे वरखाली होतात. ही रचना अभियंते हान्स लेडविंका यांनी १९२३च्या टाट्रा ११ या मोटारीत आणली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात, पावसाळ्यात, इतके वजन नुसत्या मागच्या चाकांच्या जोरावर निघणार नाही. तेथे आठही चाकांची ओढ लागते आणि टायरमधील हवा कमी करून जमिनीवरचा दाबही घटवावा लागतो. डागताना मात्र लवचीकपणा नको असतो, म्हणून आधी चार हायड्रॉलिक टेकू जमिनीवर रोवतात.

पिनाक पुण्याच्या एआरडीई या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने विकसित केला. सहा-सहांच्या दोन पेट्यांतील २१४ मिमीची १२ रॉकेटे ४४ सेकंदांत सुटतात. मूळ आवृत्तीचा पल्ला सुमारे ३८ किमी. कारगिल युद्धात (१९९९) तो वापरला गेला. स्मर्च या रशियन प्रक्षेपकाच्या नळ्याही १२च, पण ३०० मिमीच्या.

मारा संपताच ट्रकला जागा सोडावी लागते, कारण धुरामुळे ठिकाण उघडे पडते. नवी रॉकेटे क्रेन असलेल्या दुसऱ्या ट्रकवरून भरतात.