वसंतातला बर्फ आणि आदली रात्र

मार्चचा शेवटचा आठवडा, गुलमर्ग, सकाळचे साडेसहा. आमचे काश्मिरी प्रशिक्षक बाहेर आले आणि हातातली स्कीची काठी त्यांनी बर्फावर आपटली. फरशीवर आपटावी तसा कोरडा ‘टक्’ आवाज आला. ‘चाय पीजिए, साढ़े नौ से पहले कुछ नहीं,’ एवढं बोलून ते आत गेले.

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या आमच्या सहा जणांच्या गटाला हे काही पटेना. पुण्याहून इतक्या लांब आलो होतो, आणि त्या खालच्या उतारावरचा मोसम दोन दिवसांत संपणार होता. दोघांना धीर निघाला नाही. ते वर गेले आणि अर्ध्या तासात गुडघे चोळत परत आले. स्कीची कड बर्फात रुततच नव्हती. सगळा उतार काँक्रीटसारखा झाला होता. साडेदहाला त्याच उतारावर आम्ही सहाही जण उतरलो तेव्हा मात्र लोण्यातून सुरी फिरावी तशी वळणं घेता येत होती. जेवून दोन वाजता पुन्हा गेलो, तर सावलीतून उन्हात आल्याबरोबर कुणीतरी पाय धरून ठेवल्यासारखी स्की थांबली आणि आमची डॉक्टर मैत्रीण तोंडावर पडली. सात-आठ तासांत एकाच उतारावर बर्फाची तीन रूपं पाहिली.

आम्ही सगळे ऊन आणि तापमान यांचाच विचार करत होतो. प्रशिक्षक मात्र रोज संध्याकाळी आभाळाकडे बघत. वसंतातला स्कीइंगचा दिवस कसा जाणार हे आदली रात्र ठरवते, ही गोष्ट मला त्या चार दिवसांत उमगली, आणि तिच्यामागचं भौतिकशास्त्र मला फार सुंदर वाटतं.

आधी बर्फ हातात घेऊन बघू. जानेवारीत पडतात ते षटकोनी, फांद्या फुटलेले नाजूक स्फटिक. पडल्या दिवसापासून त्यांची टोकं झिजू लागतात. वसंतात दुपारी वरचा थर वितळू लागला की हा बदल झपाट्यानं होतो. लहान, टोकदार कणांचा वितळणबिंदू मोठ्या, गोलसर कणांपेक्षा किंचित कमी असतो. फरक अंशाच्या अगदी छोट्या हिश्शाचा, पण ओल्या बर्फात सगळंच शून्य अंशाला टेकलेलं असल्यामुळे तेवढाही पुरतो. लहान कण विरघळतात, त्यांचं पाणी मोठ्या कणांवर गोठतं, मोठे आणखी मोठे होतात. रोज वितळणं आणि रोज गोठणं असं काही दिवस चाललं की मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे गोल दाणे तयार होतात. मूठभर उचलून पाहिले तेव्हा आमच्या तोंडून एकदमच शब्द निघाला : साबुदाणा!

या दाण्यांमध्ये पाणी किती आणि ते कुठे आहे, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. दिवाळीत अंगणात किल्ला करताना माती किती भिजवायची हे आपल्याला हातानंच कळतं. कोरडी माती घसरते, जरा ओली केली की बुरूज उभा राहतो, जास्त पाणी झालं की तोच बुरूज वाहून जातो. ओल्या बर्फाचंही असंच असतं. पाणी एकूण घनफळाच्या सात-आठ टक्क्यांपर्यंत असेल तर ते दाणे जिथे एकमेकांना टेकतात तिथेच, छोट्या कड्यांसारखं धरून राहतं आणि पृष्ठताणामुळे दाण्यांना एकमेकांकडे ओढतं. त्याहून पाणी वाढलं की कडी एकमेकांत मिसळतात, मधल्या पोकळ्या भरतात, ओढ संपते आणि बर्फाचा चिखल होतो. उलट ही कडी गोठली, तर प्रत्येक सांध्यावर डाक दिल्यासारखा सगळा उतार एकसंध होतो. सकाळचा ‘टक्’ आवाज त्या गोठलेल्या सांध्यांचा होता.

पण ती गोठली कशी? आदल्या रात्री माझ्या मोबाइलवर हवेचं तापमान शून्याच्या वर तीन अंश दिसत होतं.

याचं उत्तर आपल्याकडेच, महाबळेश्वरला आहे. थंडीत एखाद्या सकाळी बातमी येते, वेण्णा लेक परिसरात दवबिंदू गोठले. सोबत जीपच्या टपावरच्या आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवरच्या हिमकणांचे फोटो असतात, आणि त्याच बातमीत तापमान शून्याच्या बरंच वर दिलेलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतात. हवेचं तापमान जमिनीपासून वर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत मोजतात. टप आणि पानं मात्र उघड्या आभाळाखाली असतात आणि रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपानं उष्णता वर फेकत राहतात. ढग नसतील, हवा कोरडी असेल, वारा पडलेला असेल, तर त्यांचा पृष्ठभाग भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी थंड होतो.

या कामात बर्फाचा हात धरणारे पदार्थ थोडेच. आपल्या डोळ्यांना पांढराशुभ्र दिसणारा बर्फ अवरक्त किरणांच्या बाबतीत जवळजवळ काजळाइतका काळा असतो. दिवसा तो सूर्याचा प्रकाश परतवतो आणि रात्री स्वतःची उष्णता मोकळ्या हातानं उधळतो. शून्य अंशाचा बर्फ दर चौरस मीटरमागे सुमारे ३१५ वॅट बाहेर टाकतो. डोंगरावरचं कोरडं, निरभ्र आकाश त्यातले दोनशे-सव्वादोनशे वॅटच्या आसपास परत देतं. म्हणजे दर चौरस मीटरला साधारण नव्वद ते एकशे पंधरा वॅटचा तोटा. एक किलो पाणी गोठवायला त्यातून ३३४ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हिशेब केला तर दहा तासांच्या रात्रीत चौरस मीटरमागे दहा-बारा लिटर पाणी गोठू शकेल. प्रत्यक्षात वरची पापडी थंड होत जाते तसा तोटा घटतो आणि ती खालच्या थराला पांघरुणासारखी झाकते, म्हणून गोठणारं पाणी याहून कमी असतं. तरी वरचे काही सेंटिमीटर दगड व्हायला ते पुरतं. हवा कोरडी असेल तर माठातल्या पाण्यासारखं बाष्पीभवनही मदतीला येतं.

सकाळी ही सगळी जमाखर्चाची वही उलटी होते. इथे बर्फाचं वय महत्त्वाचं. ताजा बर्फ अंगावर पडलेल्या उन्हातला ऐंशी ते नव्वद टक्के भाग परत पाठवतो. जुना, दाणेदार, ओला बर्फ पन्नास-साठ टक्केच. धूळ आणि काजळी बसली असेल तर त्याहूनही कमी. मार्चअखेरीस दुपारी डोंगरावर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास ऊन मिळतं. त्यातले चारशे वॅट आत शिरले तर तासाभरात चार लिटरहून जास्त पाणी सुटतं. म्हणजे रात्रीची सगळी कमाई दुपारपर्यंत खर्च होते. कठीण आणि चिखल यांच्यामध्ये तास-दोन तासांची एक फट उरते. वरचे दोन-तीन सेंटिमीटर मोकळे झालेले असतात, पण खालचा पाया घट्ट असतो. आमचे साडेदहा म्हणजे ती फट. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर ती लवकर येते, मग दक्षिणेच्या आणि शेवटी पश्चिमेच्या. जाणकार लोक दिवसभर सूर्याच्या मागे मागे उतार बदलत फिरतात.

(परतलेलं ऊन खालून चेहऱ्यावर येतं, हे पुण्याहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. आमच्यातल्या एकाची हनुवटी आणि नाकपुड्यांची खालची कड भाजली, कारण मलम त्यानं वरूनच लावलं होतं. गडद चष्म्याशिवाय तर उभंही राहू नये, डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला इजा होते.)

आता दुपारी पाय धरणाऱ्या त्या बर्फाकडे येऊ. मुळात स्की घसरते का? माणसाच्या वजनाच्या दाबानं बर्फ वितळतो आणि पाण्यावरून स्की घसरते, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. हिशेब मांडून पाहा. ७० किलोचा माणूस, दोन्ही स्कींचं मिळून क्षेत्रफळ साधारण पाव चौरस मीटर. दाब येतो २८०० पास्कलच्या आसपास, म्हणजे हवेच्या दाबाच्या तीन टक्क्यांहूनही कमी. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशानं खाली आणायला मात्र हवेच्या दाबाच्या सुमारे १३० पट दाब लागतो. दाण्यांच्या टोकांवर दाब कितीतरी जास्त असतो हे धरलं, तरी कडक थंडीतल्या घसरण्याला हे उत्तर पुरत नाही.

सारसबागेजवळ गोळेवाला बर्फाचा कीस तळहातानं काडीवर दाबतो आणि कण एकमेकांना धरतात. बर्फाच्या तुकड्यांच्या अशाच चिकटण्याबद्दल मायकेल फॅराडेनं १८५० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये बोलताना सुचवलं होतं की बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच पाण्यासारखा एक पातळ थर असतो. ती कल्पना काळाच्या फार पुढची होती. पुढे १९३९ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोख इथल्या प्रयोगांतून दाखवलं की घसरताना घर्षणानं जी उष्णता होते ती बर्फाचा अतिपातळ थर वितळवते. उष्णता पटकन वाहून नेणाऱ्या धातूची स्की उष्णतारोधक पदार्थाच्या स्कीपेक्षा वाईट घसरते, हा त्याचा पुरावा. आजच्या स्कीच्या तळाला एका खास जातीचं पॉलिथिन असतं, तेही उष्णता धरून ठेवणारं आणि पाणी झटकणारं.

हा थर अगदी पातळ असतो तोवर तो वंगणाचं काम करतो. दुपारी पाणी खालून-वरून सगळीकडून येतं. मग स्की दाण्यांच्या टोकांवर टेकण्याऐवजी तळाच्या मोठ्या भागावर पाण्याला चिकटते. ओल्या ओट्यावर ठेवलेलं सपाट ताट सरळ उचलून बघा, तसंच हे. सावलीतल्या कोरड्या बर्फावरून वेगात येऊन उन्हातल्या ओल्या बर्फावर जाताना हा ब्रेक अचानक लागतो, आणि शरीर पुढे जात राहतं. यावर उपाय म्हणून तळाला बारीक चऱ्या पाडतात, टायरवरच्या नक्षीसारख्या, म्हणजे पाण्याला वाट आणि हवेला जागा मिळते. वर ओल्या बर्फासाठीचं मेण चोळतात. फ्लोरीनयुक्त मेण या कामात फार गुणकारी, पण ती रसायनं निसर्गात वर्षानुवर्षं नष्ट होत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघानं २०२३-२४ च्या हंगामापासून स्पर्धांमध्ये त्यांवर पूर्ण बंदी घातली. ती योग्यच झाली असं मला वाटतं, कारण वितळलेला बर्फ शेवटी कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जातो.

आमच्यातली एकजण शिकायला कॉलोरॅडोत होती. तिथल्या अनेक रिसॉर्टांत मोसमाच्या शेवटच्या दिवशी उताराच्या पायथ्याशी मुद्दाम पाण्याचं तळं करतात आणि लोक रंगीबेरंगी पोशाख घालून वेगात येऊन ते तळं स्कीवरून ओलांडायचा प्रयत्न करतात. खडकवासल्याला चपटा दगड आडवा भिरकावून आपण पाण्यावर भाकऱ्या काढतो, त्यातलंच हे तत्त्व. स्की जराशी मागे कललेली असली की ती पाणी खाली ढकलते आणि पाणी तिला वर. हा वरचा रेटा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. वेग निम्मा झाला की रेटा पावपट उरतो, त्यामुळे माणूस हळूहळू बुडत नाही, तळ्याच्या मध्यावर एकदम खाली जातो.

आमचा शेवटचा दिवस असा जल्लोषाचा नव्हता. आदल्या संध्याकाळी पश्चिमेकडून ढग आले आणि रात्रभर आफरवतचं शिखर दिसलं नाही. ढग म्हणजे बर्फावरची दुलई. कोरडं आकाश दोनशे-सव्वादोनशे वॅट परत देतं, तर खाली उतरलेले दाट ढग बर्फानं फेकलेली जवळजवळ सगळी उष्णता परत देतात. सकाळी साडेसहाला प्रशिक्षकांनी काठी आपटली तेव्हा आवाज आलाच नाही. ती मुठीपर्यंत आत गेली. ‘रात को जमा नहीं,’ ते म्हणाले. मोबाइलवर तापमान आधीच्या सकाळइतकंच होतं.

त्यांनी आम्हाला वर नेलं नाही, आणि ते बरोबरच होतं. रात्री न गोठलेल्या बर्फात पाणी झिरपत खाली जातं, आतल्या थरांचे सांधे सुटतात आणि तीव्र उतारावरून ओल्या बर्फाचे हिमप्रपात सुटू शकतात. एरवी हा धोका दुपारी असतो, म्हणून वसंतात दुपारच्या आत खाली यायचं. अशा दिवशी तो सकाळपासूनच असतो. आम्ही पायथ्याच्या सौम्य उतारावर तासभर घालवला. जागोजागी पिवळं गवत वर आलं होतं आणि त्याच्या कडेनं पाण्याच्या बारीक धारा वाहत होत्या. मग स्की खांद्यावर टाकून चालत परतलो.

पुण्यात आलो तर पारा चाळिशीला टेकलेला. शिवाजीनगरला सिमला ऑफिसच्या चौकात सिग्नलला थांबलो असताना त्या नावाकडे मी पहिल्यांदा नीट पाहिलं. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्यात आलं, तेव्हापासूनचं हे नाव. याच खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी १८८४ मध्ये मांडलं होतं की हिमालयात वसंतात बर्फ जास्त राहिला तर त्यानंतरचा मोसमी पाऊस कमी पडण्याकडे कल असतो. उन्हाची ताकद बर्फ वितळवण्यात आणि ओली जमीन वाळवण्यात जाते, जमीन उशिरा तापते, समुद्र आणि जमीन यांच्या तापमानातली तफावत कमी राहते. हा संबंध दर वर्षी जुळत नाही, प्रशांत महासागरातला एल निनो आणि इतर अनेक घटक त्यात हात घालतात. तरीही अलीकडच्या वर्षांत एप्रिलच्या मध्यावर पावसाचा पहिला अंदाज येतो तेव्हा त्यात उत्तर गोलार्धातल्या जानेवारी ते मार्चमधल्या हिमाच्छादनाचा उल्लेख असतो. यंदा तो अंदाज आला त्या संध्याकाळी आम्ही सहाजण कोथरूडला एकाच्या गच्चीवर जमलो होतो. पाऊस किती टक्के हे वाचण्याआधी आम्ही बर्फाची ओळ शोधली.