किती एलिमेंट हवेत, ते शेवटी ठरवू

आम्ही उपचाराच्या अल्ट्रासाऊंडसाठी अ‍ॅरे बनवतो, म्हणजे विजेवर कंप पावणाऱ्या अनेक सिरॅमिक तुकड्यांचा (एलिमेंटचा) ट्रान्सड्यूसर; त्याच्या ध्वनिलहरी शरीरात एका बिंदूवर, फोकसवर, एकवटून तिथली ऊती तापवतात. चौकशीचा फोन आला की पहिला प्रश्न बहुधा हाच: "256 एलिमेंटचा अ‍ॅरे केवढ्याला पडेल?" आकडा सांगण्याआधी आम्हीच दोन प्रश्न विचारतो. फोकस त्वचेपासून किती खोल हवा? आणि ट्रान्सड्यूसर न हलवता, फक्त एलिमेंटच्या लहरींच्या वेळा मागेपुढे करून, तो किती सरकवायचा आहे?

खोलीवरून फ्रीक्वेन्सी ठरते. मऊ ऊतींत 1 मेगाहर्ट्झला दर सेंटीमीटरमागे साधारण अर्धा डेसिबल खर्ची पडतो. म्हणजे 6 सेंटीमीटर आत पोचेपर्यंत निम्मी शक्ती वाटेतच गेली. 3 मेगाहर्ट्झ घेतलं तर तिथे जेमतेम आठवा हिस्सा उरतो. कवटीतून जायचं तर आणखी खाली यावं लागतं. मेंदूच्या उपचारात वापरतात ते 1024 एलिमेंटचं अर्धगोल शिरस्त्राण 650 किलोहर्ट्झच्या आसपास चालतं.

सरकवण्याचा हिशेब जास्त किचकट. 1 मेगाहर्ट्झला ऊतींतली तरंगलांबी दीड मिलिमीटरच्या जवळपास. एलिमेंट अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने बसवले तर फोकस मोकळेपणाने फिरतो, पण 10 सेंटीमीटर व्यासाच्या तबकडीवर ते सुमारे 13 हजार होतात. प्रत्येकाला वेगळी वायर, वेगळा अँप्लिफायर. परवडणार कोणाला? म्हणून एलिमेंट मोठे आणि कमी घ्यायचे. मात्र ते ज्वारीच्या पेरणीसारखे सरळ ओळींत बसवले की भलतीकडेच खोटे फोकस उमटतात आणि निरोगी भाग भाजू शकतो. आम्ही ते मुद्दाम विस्कटून बसवतो. ड्रॉइंग पाहून "हे असं वाकडंतिकडं का?" असं विचारणारे बरेच भेटतात. ते तसंच हवं. फक्त मोठ्या एलिमेंटमुळे फोकस बाजूला फार नेला की त्याचा जोर ओसरतो, हे आधीच मान्य करून घ्या.

याच अ‍ॅरेतून सोनोग्राफीही करून द्या म्हणाल, तर आम्ही नाही म्हणू. चित्रासाठी चटकन विरणारा ठोका लागतो, म्हणून तिथे सिरॅमिकच्या पाठीला कंपनं शोषणारा थर असतो. उपचारात तोच थर शक्ती खाईल आणि तापेल. आम्ही पाठीमागे हवा ठेवतो आणि हार्ड जातीचं, म्हणजे कमी तापणारं, पीझेडटी सिरॅमिक वापरतो.

तयार अ‍ॅरेची शक्ती आम्ही पाण्याच्या टाकीत तराजूवर मोजतो. लहरी शोषक रबराला ढकलतात. 1 वॅटला जेमतेम 68 मिलिग्रॅम. 100 वॅटला दहाच्या नाण्याएवढंही वजन भरत नाही. सुरुवातीला आम्ही एकदा टाकीत नळाचं पाणी तसंच भरलं. रबरावर बारीक बुडबुडे धरले, आकडा दिवसभर नाचला आणि आम्ही सोल्डरिंग तपासत बसलो. आता विरघळलेली हवा काढल्याशिवाय पाणी टाकीत जात नाही. तुमच्याकडेही तेच करा, नाहीतर चांगला अ‍ॅरे खराब म्हणून परत पाठवाल.

ऑर्डर देताना केबलची लांबी पक्की कळवा. अँप्लिफायरची शक्ती एलिमेंटपर्यंत नीट पोचवणारं मॅचिंग सर्किट ती धरून बनतं. नंतर कापलेली केबल वॉरंटीत बसत नाही.